मच्छिंद्रचा डावा खांदा

कचरू साळवे हलक्या हाताचा माणूस. जालन्याच्या मोंढ्यात धान्याची पोती उचलायचा. त्र्याऐंशी साली कंबर गेली, तेव्हा अंबडच्या तातेराव नावाच्या म्हाताऱ्या हाडवैद्यानं त्याला बरं केलं. ना ओढलं, ना रगडलं. पाठीखाली दोन्ही हात सरकवून म्हातारा तासभर नुसता बसून राहिला. कचरू दोन महिने तिथंच राहून ते शिकला आणि पुढं जालन्यात, कारखान्यांच्या बाजूला, आपल्या पत्र्याच्या खोलीत तेच करू लागला. ताठलेली माणसं सतरंजीवर पडायची, तो मानेखाली हात ठेवून वाट बघायचा. "अंगाला घाई केली की ते अजून आवळतं," म्हणायचा.

शहाण्णवच्या उन्हाळ्यात मच्छिंद्र आला. सळया बनवणाऱ्या एका मिलमध्ये तो कामाला होता. भट्टीतून निघालेली लाल सळई चिमट्यानं धरून फिरत्या लोखंडी रोलच्या एका जोडीतून पुढच्या जोडीत घालायची. त्याचा डावा खांदा कानाला चिकटल्यासारखा वर गेला होता. कचरूनं मानेखाली हात ठेवला, अर्ध्या तासानं खांदा खाली आला. तेवढ्यात बाहेर कचरूची बायको सत्यशीला हिच्या हातून घागर निसटून खणकन आदळली, आणि खांदा पुन्हा वर.

दोन दिवसांनी त्याच मिलचा अप्पाराव आला. डावा खांदा. मग शिवाजी. त्याचाही डावाच.

कचरूला ते बरं वाटेना. ओझ्यानं खांदा खचतो, असा वर चढत नाही, एवढं त्याला हमालीनं शिकवलं होतं. मच्छिंद्र पुन्हा आला तेव्हा त्यानं विचारलं, "तुमच्या डाव्या अंगाला काय हाये तिथं?"

मच्छिंद्र छताकडं बघत बोलला.

"तिसरी जोडी. रोल झिजलेत, दादा. सळई सुटून राह्यली. दोनदा डोक्यावरून गेली."

"मुकादमाला सांगितलं?"

"सांगितलं. म्हणतो, पावसाळ्यात मिल बंद ठिवू, तवा बघू."

कचरूनं हात काढून घेतले. "मंग मी तुला मोकळं करत न्हाई. ह्यो खांदा तुझी राखण करून राह्यला."

दुसऱ्या दिवशी तो स्वतः मिलच्या फाटकावर गेला, रोल बदला म्हणून सांगायला. मुकादम बाहेर आला, पण आत घेईना. "मालिश करणारा तू. तुला रोलातलं काय कळतं?" कचरू उन्हात उभा राहिला. आतून लोखंड आदळल्याचे आवाज येत होते, आणि प्रत्येक आवाजाला त्याचाच खांदा उचलला जात होता.

त्या आठवड्यात मच्छिंद्रची बायको बेबीनंदा दारात आली. "दादा, चार राती झाल्या, ह्यांना झोप न्हाई. सकाळी हातातून ताट पडलं. असंच कामाला गेले तर काय व्हईल?"

"सुट्टी घेऊ दे त्याला."

"सुट्टी घेतली की जागा जाते."

कचरूनं मच्छिंद्रला बोलावलं. दोन तास हात ठेवून बसला. खांदा उतरला, मान सैल झाली, मच्छिंद्र तिथंच घोरू लागला. सांजेला उठला तो हसतच. ते हसणं कचरूला आवडलं नाही.

"डाव्या बाजूवर नजर ठिव."

"बराबर, दादा."

तिसऱ्या दिवशी भर दुपारी तिसऱ्या जोडीतून सळई उसळली. अप्पाराव आणि शिवाजीनं अंग झोकून दिलं. मच्छिंद्र जागेवरच राहिला, एक श्वासभर. सळई त्याच्या पायाभोवती गुंडाळली गेली. दवाखान्यात गुडघ्याखालून पाय काढावा लागला.

"तुम्ही न्हाई झोपवलं असतं, तर उभ्या उभ्या भोवळ येऊन भट्टीतच गेला असता तो," सत्यशीला म्हणाली. कदाचित तसंच झालं असतं, कदाचित नसतं. कचरूला ते कधीच कळणार नव्हतं.

आठ दिवसांत रोल बदलले. बरा झाल्यावर मच्छिंद्रनं रस्त्याला चहाची टपरी टाकली. कचरू रोज संध्याकाळी जायचा. एकदा त्यानं न राहवून मच्छिंद्रच्या मानेकडं हात नेला. मच्छिंद्र किटली घेऊन बाजूला सरकला.

"ऱ्हाऊ द्या, दादा. चहा घ्या."