बदकाची भुवई

फोटोवाल्याला गल्लीत सगळे हनुवटीकाका म्हणत. चाळीस वर्षं तो एकच वाक्य बोलत आला होता, "हनुवटी जरा खाली, दोन्ही कान दिसू द्या." अर्जाला लावायचे फोटो, हेच त्याचं दुकान. एक अरुंद खोली, मागे पांढरा पडदा, बाजूंना दोन दिवे, भिंतीवर आरसा आणि आरशाखाली दोरीला बांधलेला कंगवा. कंगवा दोनदा चोरीला गेला, म्हणून दोरी. माणूस नाकासमोर बघणारा, आणि गिऱ्हाइकालाही नाकासमोरच बघायला लावणारा.

त्याची बायको रोज दुपारी एकटीच तळ्यापर्यंत चालत जाई. संसारात स्वतःचा म्हणावा असा तेवढा एक तास तिच्या वाट्याला आला होता आणि तो तिनं कुणाला दिला नव्हता. थंडी सरत आली असताना एक दिवस ती परत आली ती म्हणतच, "तळ्यावर रानबदकं आलीत. त्यात एकाला भुवई आहे. पांढरी, पार मानेपर्यंत ओढलेली."

नेमकी त्या दिवशी लेक आलेली. "बदकाला भुवई?" असं म्हणून तिनं बापाकडे बघितलं.

बघण्याला कारण होतं. महिन्याभरात आईनं चहात मीठ घातलं होतं, किल्ली पिठाच्या डब्यात सापडली होती आणि एकदा गॅस न पेटवता नुसताच उघडा राहिला होता. आता वर हे बदक. लेकीनं बापाला स्वयंपाकघरात गाठलं.

"बाबा, आईला भास व्हायला लागलेत. मी रविवारी नवं कुलूप घेऊन येते. तिला एकटीनं बाहेर सोडायचं नाही. किल्ली तुमच्याजवळ."

आईचे कान शाबूत होते. बाहेरूनच म्हणाली, "माझे डोळेही काढून पिठाच्या डब्यात ठेव. म्हणजे हरवायचे नाहीत."

"थांबा," फोटोवाला म्हणाला. "मी बदकाचा फोटो काढून आणतो. मग काय ते ठरवू."

बायकोच्या बोलण्यानं बदकं उडतील म्हणून त्यानं तिला घरी बसवलं आणि मंगळवारपासून दुपारी दुकान बंद करून तो तळ्यावर जायला लागला. तळं म्हणजे पाण्याच्या टाकीमागचा खोलगट तुकडा. एका अंगाला सिमेंटचा बांध, पलीकडे गवत, मधे एक गंजका पाइप. पाइपाजवळ बदकं पोहत होती. ऊन असं, की पाण्याकडे बघवत नव्हतं. जन्मभर दोन दिवे हवे तसे सरकवून फोटो काढलेले. हा वरचा दिवा काही सरकेना.

तो बांधावर बसला आणि लहान मुलांना वाजवतो तशी चुटकी वाजवली. "इकडे, इकडे बघ." बदकं गरीब बिचारी. माना वळवून सरळ त्याच्याकडे बघत. तो खटाखट फोटो काढी. संध्याकाळी दुकानात मोठे करून बघावेत तर चकचकाटात एक काळा ठिपका आणि मधोमध चोच. ना डोळा, ना भुवई. उजेड वाढवला तर सगळंच पांढरंफटक. गिऱ्हाइकांचं तसं चालून जाई. अर्जावरसुद्धा माणसाला गोरं दिसायचं असतं. बदकाला कुठे अर्ज करायचा होता!

चार दिवस झाले. वीसेक बदकं त्याला दिसली, भुवई एकाचीही नाही. शुक्रवारी जेवताना त्यानं बायकोला विचारलं, "नक्की बदकच होतं ना?"

तिनं ताट उचललं आणि शनिवारी न विचारता छत्री घेऊन त्याच्याबरोबर निघाली.

बांधावर त्यानं चुटकी वाजवताच तिनं त्याचा हात धरला. "अहो, काय करताय? त्याला समोर कशाला बघायला लावताय? बदकाचे डोळे बाजूला असतात."

चाळीस वर्षांत हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"उठा. पलीकडे चला. इथं ऊन आपल्याच तोंडावर येतंय."

"माझा गुडघा..."

"तोही घेऊन चला."

पलीकडच्या गवतात ऊन पाठीवर आलं. तिनं कॅमेऱ्यावर छत्री धरली. आयुष्यात पहिल्यांदा तो समोरच्याला काही न सांगता थांबला. कॅमेऱ्यातला उजेड त्यानं इतका कमी केला, की दुकानात तसा फोटो कुणी हातात घेतला नसता. बऱ्याच वेळानं एक बदक पिसं साफ करायला आडवं वळलं. तपकिरी डोकं, आणि डोळ्यावरून मानेपर्यंत खडूनं ओढावी तशी पांढरी भुवई.

"आहे," तो म्हणाला.

"मी काय सांगत होते?" जरा वेळानं तिनं विचारलं, "तुम्हालाही वाटलं ना, भास म्हणून?"

त्यानं कॅमेऱ्याची स्वच्छ असलेली काच पुन्हा पुसली. "गुरुवारी वाटलं."

"आणि काल?"

"कालही."

तिनं छत्री बाजूला घेतली. त्याचं टक्कल बराच वेळ उन्हात तापलं.

रविवारी लेक आली. फोटोवाल्यानं सवयीप्रमाणे एका कागदावर आठ छोटे फोटो छापले होते. लेकीनं चष्मा पुसून ते बघितले. "आहे की खरंच," ती म्हणाली. मग सावकाश, "आणि गॅसचं काय, आई?"

"गॅस मीच उघडा ठेवला होता. नाही कुठे म्हटलं? बदक वेगळं आणि गॅस वेगळा."

लेकीनं पिशवीतलं कुलूप बाहेर काढलंच नाही. ठरलं ते एवढंच, की दार होतं तसं राहील आणि गॅसला यापुढे फक्त बाबांचा हात लागेल.

उन्हाळ्याच्या तोंडावर बदकं निघून गेली. बायको अजून दुपारची तळ्यावर जाते. आली, की फोटोवाला तिला चहा करून देतो. परवा त्यानंच त्यात मीठ घातलं. तिनं अर्धा कप पिऊन खाली ठेवला, आणि लेकीला काही कळवलं नाही.