सुलाचं लाँड्री चॅनल

हॉटेलच्या लाँड्रीत काम करणाऱ्याकडे दोन गोष्टी आपोआप साठतात. एक, गेस्टच्या खिशात राहून गेलेल्या वस्तू आणि दुसरी, किस्से. वस्तू ऑफिसात जमा कराव्या लागतात. किस्से मागायला कुणी येत नाही, त्यामुळे माझ्याकडे ढीग झालाय. बहरैनमधल्या झल्लाकच्या बीच रिसॉर्टमध्ये मी कितीतरी वर्षं लाँड्री सुपरवायझर आहे आणि त्यातले निम्मे किस्से एकट्या सुलाचे.

सुला म्हणजे सुलास्त्री. इंडोनेशियातल्या, जावा बेटावरच्या एका खेड्यातून आलेली, आमच्याकडे इस्त्रीच्या टेबलावर असायची. पहिल्यांदा आली तेव्हा बॅगेत कपडे कमी आणि तिकडच्या गाण्यांच्या सीडी जास्त. तबला-बासरीच्या ठेक्यावरची ती त्यांची गाणी, दांगदुत म्हणतात. आमचा महादेव, साताऱ्याकडचा मिशीवाला गडी, पहिलं गाणं ऐकून इस्त्री उचलून उभाच राहिला.

"भाऊ, ही तर आमच्या जत्रंतली चाल हाय. तिकडं कशी पोचली?"

सुला म्हणाली, "हमारे गाँव का है. तुम्हारे गाँव कैसे पहुँचा?"

तो वाद शेवटपर्यंत मिटला नाही.

*

एकदा मेसच्या टीव्हीवर आपली एक पौराणिक मालिका लागली. तिकडे ती त्यांच्या भाषेत डब होऊन घरोघर गाजली होती, हे आम्हाला काय माहीत! नायक दिसताच सुला ताट घेऊन टीव्हीसमोर जाऊन बसली. त्याने तोंड उघडलं आणि हिचा चेहरा पडला.

"ये आवाज इसका नहीं है, भाऊ. हिंदीवालों ने बहुत खराब डबिंग किया."

बाई, हाच त्याचा खरा आवाज, असं मी परोपरीने सांगितलं. तिने माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. मेसमधली केरळची मंडळीही, मालिका मल्याळममध्ये पाहिलेली, तिच्याच बाजूने झाली.

*

मग सीडी गेल्या, मोबाइल आले आणि तिकडच्या मालिका थेट इस्त्रीच्या टेबलावर सुरू झाल्या. त्यातली खलनायिका तोंडाने बोलतच नाही. नुसती डोळे वटारून उभी राहते आणि तिच्या मनातलं सगळं मागून ऐकू येतं.

एक दिवस मी शिफ्टचा कागद घेऊन आत गेलो, तर महादेव ओठ मिटून, डोळे वटारून समोर उभा. आणि ड्रायरच्या मागून सुलाचा आवाज आला, "ये भाऊ आज फिर मेरा फ्रायडे खाएगा."

हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. फ्रायडेची सुट्टी मात्र त्याची गेलीच.

*

मध्यंतरी सुला गावी जाऊन लग्न करून आली. म्हणजे गेली, लग्न केलं, सिंता नावाची मुलगी झाली आणि पोर रांगायला लागल्यावर तिला आजीजवळ ठेवून परत आली. घरी व्हिडिओ कॉल लावला की पोर आजीच्या मागे लपायची.

"भाऊ, वो मुझे भूल जाएगी," ती एकदा मला म्हणाली.

तिकडे तोवर व्हिडिओंचं पीक आलं होतं. कुणी जेवतंय, कुणी भूत होऊन शेजाऱ्याला घाबरवतंय, गावागावांतून चॅनल निघतंय. सिंताही दिवसभर आजीच्या मोबाइलला चिकटलेली. सुलाने विचार केला, पोर फोनवर येत नाही पण व्हिडिओ बघते, तर आपणच व्हिडिओत जावं. झालं! युनिफॉर्म आणि टोपी घालून ती दांगदुतवर नाचायची आणि मागे महादेव मिशीला पीळ देत टॉवेलच्या घड्या घालायचा.

माझी मुलगी इथल्या इंग्लिश शाळेतली. मराठी कळतं, पण बोलणं इंग्लिशमध्ये, आणि बापाच्या नोकरीत रस शून्य. एक दिवस तीच मोबाइल घेऊन धावत आली. "बाबा, डू यू नो धिस मुस्टॅश अंकल?"

म्हटलं, त्याची लीव्ह मीच सही करतो. तेव्हापासून घरात मला जरा किंमत आहे.

*

हॉटेलात शूटिंगला बंदी. मॅनेजरला पत्ता लागला आणि निरोप आला, खलास, सगळं डिलीट करा. नोकरीची सुलाला फिकीर नव्हती, पण सिंता नुकती कुठे तिचे व्हिडिओ बघायला लागली होती. ती चादरींच्या ढिगामागे बसून रडली.

त्याच आठवड्यात सखीरच्या ट्रॅकवर गाड्यांची मोठी रेस होती. ती बघायला आलेलं एक इंडोनेशियन कुटुंब आमच्याकडेच उतरलं आणि रिसेप्शनवर अडून बसलं, मिशीवाल्या काकांबरोबर फोटो पाहिजे म्हणून. मॅनेजर स्वतः त्यांना लाँड्रीत घेऊन आला. संध्याकाळी नवा निरोप: "यल्ला, चला, करा व्हिडिओ. फक्त चादरींवरचे डाग दिसू देऊ नका."

*

आता महादेव गावी शेती करतो. सुलाही कायमची घरी गेली. टेबलावर नवी मुलं आहेत, चांगली आहेत, कानात इअरफोन घालून काम करतात. मला त्या दोघांची फार आठवण येते. त्यातही सुलाच्या, व्हिडिओ सुरू केल्यानंतरच्या त्या पहिल्या लीव्हची. परत आल्यावर तिने आम्हाला टेबलाभोवती बसवून सगळं सांगितलं होतं.

ती घरी पोचली तेव्हा संध्याकाळ झाली होती. प्रवासाने थकलेली, डोक्याला स्कार्फ, हातात बॅग, बॅगेत युनिफॉर्म आणि टोपी. सिंता अंगणात एकटीच मोबाइल घेऊन बसली होती. तिने वर पाहिलं आणि पाहुण्यांना देतात तशी सरकून जागा दिली. मग मोबाइल पुढे केला. त्यात टोपी घातलेली सुला नाचत होती.

"ही माझी आई," सिंता म्हणाली. "बहरैनला असते. तुम्ही ओळखता तिला?"

सुला तिच्याशेजारी बसली. व्हिडिओ संपेपर्यंत बघितला.

"ओळखते की," ती म्हणाली. "उद्या सकाळी येतेय ती."