तिसरं धुणं

"तिच्या आकड्यांवर शंका घेऊ नको. बोलत नाही फारशी, पण हात पक्का आहे," ताई फोनवर नवऱ्याला सांगत होती. मी डबा घेऊन दाराबाहेरच थांबले.

ताई नागपूरची, पीएचडीच्या पाचव्या वर्षाला. मी त्या लॅबमध्ये नवीन होते. अमेरिकेतल्या श्रूजबरी गावाहून सकाळी दोघी तिच्याच गाडीतून लॅबला यायचो. ती बोलायची, मी खिडकीतून बाहेर बघायचे. यीस्ट वाढवायचा उबदार इन्क्युबेटर उघडला की आंबलेल्या पिठासारखा वास यायचा. आताच्या नोकरीत सगळं बंद यंत्रांत चालतं. तो वास मला अजून हवासा वाटतो.

यीस्टच्या अंगावर काही प्रथिनं असतात. त्यांच्या जोरावर ते आपल्या तोंडातल्या पेशींना धरून राहतं. त्यातलं एक प्रथिन ताईने काढून टाकलं होतं. साधं यीस्ट आणि हे यीस्ट मी वेगवेगळ्या प्लेटमध्ये माणसाच्या पेशींवर सोडायचे, तासाभराने तीनदा धुवायचे आणि चिकटून राहिलेलं मोजायचे. प्रथिन नसलेलं यीस्ट धुऊन जाईल, असं ताईचं म्हणणं. माझ्या आकड्यांत ते साध्याइतकंच चिकटलेलं होतं.

पण प्रथिन नसलेल्या यीस्टच्या प्लेटच्या दुसऱ्या धुण्यालाच कडेच्या पेशी सुटायला लागल्या होत्या. मी घाबरले आणि तिसरं धुणं केलंच नाही. वहीत मात्र सवयीने तीन लिहिलं.

मी आत गेले. ताईने माझ्या डब्यातली भाजी चाखली.

"हे काय, आजाऱ्याचं जेवण आहे काय? तिखट कुठे ठेवून आली, पुण्याला?"

मी हसले. रोजचंच होतं ते. तिचा डबा माझ्याकडे सरकवायची आणि माझा नावं ठेवत संपवायची.

मग तिने डबा बाजूला सारला. "अडीच वर्षं चुकीच्या प्रथिनामागे धावले बाप्पा. आता प्रोफेसरांना सांगते, हे बंद करू म्हणून." लॅपटॉप उचलून ती उठली.

सांगितलं, तर पुन्हा माझ्या वहीवर कोण विश्वास ठेवणार? ती दारापर्यंत पोचली होती. लॅबमधल्या सवयीने मी मनात इंग्रजीत वाक्य जुळवत होते, ते जुळेना.

"ताई, थांब. प्रथिन नसलेली प्लेट मी दोनदाच धुतली. वहीत तीन लिहिलंय, ते खोटं आहे."