तलावाकाठी बसून राहिलेले डॉक्टर

डॉक्टर वामनरावांना मी पहिल्यांदा पाहिलं ते चांदा जिल्ह्यातल्या आमच्या जंगलातल्या दवाखान्याच्या ओट्यावर. नुकतेच बदलून आलेले, ट्रंकेवर बसून समोरच्या तलावाकडे टक लावलेले. मी बाटल्यांवरची नावं वाचत वाचत कंपाउंडर झालेला माणूस. मनात म्हटलं, हे साहेब स्वप्नाळू दिसतात, यांचा इथं कसा निभाव लागायचा? आज त्यांच्या साठीला त्या बघत बसण्याचीच गोष्ट सांगतो.

तलावापलीकडच्या ढिवरांची, मासे धरणाऱ्यांची, सून सरजा. दिवस कलला की तिच्या पापण्या मिटत, बोलणं नाकात जाई, हातातलं जाळं गळून पडे. कुणी बाहेरचं म्हणे, कुणी आळस. सासू जनाबाई तिला सकाळी बैलगाडीत भाताच्या तणसावर निजवून आणी, आणि दवाखान्यात सरजा टवटवीत उतरे.

"पाहा डॉक्टर भाऊ, इथी आली का बरी! नाटक करून राह्यली. आता हिले माहेरीच धाडतो."

"मी का जाणून करून राह्यली?" सरजा रडू लागली.

डॉक्टर म्हणाले, "जनाबाई, गाडीत निजून तिला विसावा मिळतो, म्हणून दुखणं मला दिसतच नाही. मीच येतो. तिला जाळं विणू द्या."

दुपारभर ते काठावरच्या पालथ्या डोंग्यावर, लहान लाकडी नावेवर, बसले. सरजा विणताना गुणगुणत होती. पाणी हळूहळू पिवळं झालं. "डॉक्टर पाखरं मोजून राह्यले," बाया हसल्या. ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलं तसं गाणं नाकात गेलं, पापण्या ओघळल्या. डॉक्टरांनी तिला निजवलं, तशा थोड्या वेळानं त्या उघडल्या.

"हा आळस नाही. काम केलं की स्नायूंचं बळ सरतं, विसावलं की परत येतं. असा आजार मी फक्त पुस्तकात वाचला होता."

नागपूरहून इंजेक्शन मागवलं आणि ते आल्यावर तिथंच काठावर, दिवस कलण्याच्या वेळी दिलं. पापण्या सावकाश वर गेल्या. सरजानं सासूकडे पाहिलं. "आत्याबाई, तुमच्या केसाले मासोळीचं खवलं लागलं आहे."

जनाबाईंना हसू आणि रडू एकदमच आलं. "आता कुठी धाडतो हिले!"

हा रोग जात नाही, सांभाळावा लागतो, हेही डॉक्टरांनी लपवलं नाही. तिच्या गोळ्या ते आजही फिरायला जाताना स्वतः पोचवतात.

डॉक्टरसाहेबांना धडधाकट, लांब आयुष्य मिळो. लोकांनी 'रिकामे बसले' म्हणून हसावं, अशा पुष्कळ संध्याकाळी त्यांच्या वाट्याला येवोत. तो डोंगा अजून काठावर पालथाच आहे. दिवस कलला की सरजा तो पदरानं पुसून ठेवते.