वीस मिनिटांचा सूड

लिफ्टवाल्याने पन्नाशी उलटल्यावर पियानो घरात आणला तो संगीताच्या वेडापायी, असं त्याची बायको शेजारणींना कौतुकाने सांगायची. खरं कारण त्याच्या बरोब्बर खालच्या घरात राहत होतं आणि त्या कारणाचे गुडघे दुखत असत.

कारण म्हणजे पियानोच्या बाई. आता शिकवणं बंद झालं होतं, पण एके काळी अर्ध्या वस्तीतली पोरं त्यांच्याकडे जायची. लहानपणी हाही एकदा आईचं बोट धरून गेला होता. बाईंनी त्याचे पंजे उलटसुलट करून पाहिले आणि भरल्या वर्गात म्हणाल्या, "ही बोटं पाना धरायची. पियानोला नकोत." वर्ग खो खो हसला. आईही हसली, ते त्याला जास्त लागलं. पुढे तो खरंच लिफ्टदुरुस्तीच्या कामाला लागला आणि जन्मभर पाना धरून राहिला. बाई चुकल्या असत्या तर त्याने एखादे वेळी माफही केलं असतं. पण बाईंचं खरं ठरलं, आणि ते त्याला काही केल्या पचेना.

घर बदललं तेव्हा खालच्या दारावर बाईंची पाटी दिसली. जिन्यात गाठ पडली, बाईंनी ओळखलंसुद्धा नाही. त्याच दिवशी त्याच्या डोक्यात किडा शिरला. एका जुन्या हॉटेलची लिफ्ट तो सांभाळायचा. तिथला पियानो भंगारात निघाला होता, तो त्याने उचलून आणला. आता बाईंच्या डोक्यावर बसून, बाईंचीच धून, बाईंच्या कानात ओतायची असं त्याने ठरवलं. वर्ग सुटताना बाई नेहमी एक छोटी धून वाजवायच्या, ती लहानपणी रस्त्यावरून जाता-येता त्याने शेकडो वेळा ऐकली होती. पोरं तिला सुट्टीची धून म्हणायची.

पहिल्याच आठवड्यात बाईंनी तक्रार केली. इमारतीचा सेक्रेटरी वर आला आणि पायातले बूटही न काढता म्हणाला, "संध्याकाळी सहाला वीस मिनिटं. त्यापुढे एक सूर ऐकू आला तर पियानो खाली रस्त्यावर."

लिफ्टवाला दातओठ खात हो म्हणाला.

शिकायला तो सायकलच्या दुकानावरच्या खोलीत जायचा. शिकवणारी मुलगी त्याच्या लेकीच्या वयाची. तो तिला मॅडम म्हणायचा, ती त्याला काका.

"वीस मिनिटं रग्गड झाली, काका," ती म्हणाली. "फक्त रोज अख्खी धून दामटायची नाही. एकच ओळ घ्या. आधी उजवा हात, मग डावा, मग दोन्ही मिळून. अगदी गोगलगायीसारखं."

आणि खरंच जमायला लागलं. दिवसभर लिफ्टच्या शाफ्टमध्ये लोंबकळून हात ग्रीसने माखलेले, पण सहाच्या ठोक्याला घासून धुतलेले पंजे पट्ट्यांवर. एकेक ओळ करत महिन्या-महिन्याने धून पुढे सरकली आणि शेवटाशी येऊन अडकली. तिथे डाव्या हाताला लांब उडी मारायची होती. उडी घ्यायची त्याला भीती वाटली. त्याने हात उचलले आणि मांडीवर ठेवले.

खोलीत धून अर्धवट लटकत राहिली. तेवढ्यात खालून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, काठी टेकल्याचा आला, मग पावलं, आणि मग बाईंच्या पियानोवर एकच सूर वाजला. राहिलेला. शेवटचा.

लिफ्टवाल्याने कान टवकारले. मग त्याला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. म्हातारीला राहवलं नाही! दुखऱ्या गुडघ्यांनी उठावं लागलं तिला!

त्या दिवसापासून त्याने शेवट शिकायचं सोडूनच दिलं. रोज धून घोटून घोटून गुळगुळीत करायची, शेवटाच्या तोंडाशी आणायची आणि हात मांडीवर ठेवून वाट पाहायची. खालची खुर्ची सरकली की त्याला जेवण गोड लागायचं. एखाद्या दिवशी तो त्याच वीस मिनिटांत बाईंना तीन-तीनदा उठवायचा. हा कोणता पुरुषार्थ, असा विचार त्याच्या मनात एकदाही आला नाही. सूड घेणाऱ्या माणसाला इतकी नियमित पावती मिळाली की तो कशाला विचार करतोय?

"अहो, वाजवा की एकदाचा तो पुढचा सूर," बायको वैतागून म्हणायची. "माझ्याच पोटात गोळा येतो."

"काका, शेवट कधी घ्यायचा?" मॅडमही विचारायची.

"शेवटात काय आहे? एक उडी तर आहे. मनात आणलं की मारीन."

वर्ष असंच गेलं. मग खालचा सूर उशिरा यायला लागला. मग एखाद्या दिवशी यायचाच नाही. एका संध्याकाळी बाईंची लेक दारात उभी राहिली.

"आई अंथरुणाला खिळलीय," ती म्हणाली. "सारखी म्हणते, वरच्यांना सांग, एकदा पूर्ण वाजवून दाखवा. तुम्ही खालीच येता का? तिच्या पियानोवर?"

लिफ्टवाल्याचं काळीज थुईथुई नाचलं. बाई विनवतायत! त्याने इस्त्रीचा शर्ट घातला, नखं कापली. आता तो धून शेवटापर्यंत नेणार होता, त्यांच्या डोळ्यांदेखत, आणि मग आपण कोण ते सांगणार होता. त्यांच्या तोंडून "चुकले मी" एवढंच काढून घ्यायचं होतं.

बाई उशीला टेकून बसल्या होत्या, हाताच्या नुसत्या काड्या झालेल्या. त्याने नमस्कार केला नाही. सरळ बसला आणि वाजवायला लागला. धून अशी वाहिली की लेकीने दारातच डोळे मिटले. शेवटाचं तोंड आलं.

हात उचलले गेले आणि मांडीवर जाऊन बसले.

त्याने हातांकडे पाहिलं. त्याने त्यांना सांगितलं नव्हतं. घाईने डावा हात पुन्हा टाकला, तो भलत्याच पट्टीवर पडला. "थांबा हं," म्हणत त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, दात आवळून, आणि पुन्हा त्याच जागी दोन्ही पंजे शहाण्या पोरांसारखे मांडीवर. तिसऱ्या वेळीही तेच. मागून कोणीतरी येऊन सूर लावील म्हणून त्याचे कान नकळत वाट पाहत होते.

"अगं बाई," पलंगावरून आवाज आला. बाईंचा चेहरा उजळला होता. "मला वाटायचं, हा मेला मुद्दाम थांबतोय. किती शिव्या घातल्या असतील मी तुला मनातल्या मनात! येतच नाही होय तुला?"

मुद्दामच थांबत होतो म्हणावं, तर वाजवून दाखवावं लागणार. आपण कोण ते सांगावं, तर बाईंचंच पुन्हा खरं ठरणार.

"नाही येत," तो शेवटी म्हणाला.

"असू दे रे, असू दे." बाईंनी लेकीकडे मान वळवली. डोळ्यांत खरोखरीची माया होती. "अगं, त्या सेक्रेटरीला सांग, ह्याची वेळ वाढवून द्या म्हणावं. वीस मिनिटांत बिचाऱ्याला कसं जमायचं?"

आणि लिफ्टवाल्याच्या तोंडून, त्याला काही कळायच्या आत, "थँक्यू बाई" निघून गेलं.