जगदाळ्यांचं पदक

खंडेनवमीचं गोडाचं जेवण करून वसंतराव अष्टपुत्रे आरामखुर्चीत पडतात आणि मूठ घट्ट मिटतात. मुठीत चांदीचं पदक आहे. दुसऱ्या महायुद्धात आफ्रिकेच्या वाळवंटात नाईक हुद्द्यावर लढलेल्या कुणा ज्ञानू खोताचं नाव त्याच्या कडेवर कोरलेलं आहे. आत त्यांच्या पत्नी नलिनीताईंनी सुरी, कात्री, अडकित्ता पाटावर मांडून पूजा केलीय. पदकही मागितलं होतं त्यांनी. "कुंकू लागलं की वाटोळं झालं पदकाचं," म्हणून वसंतरावांनी ते दिलं नाही.

हे पदक मिळायला दौलतराव जगदाळ्यांना मरावं लागलं. ऑनलाइन लिलावात हे गृहस्थ अगदी शेवटच्या क्षणी बोली चढवायचे आणि वसंतरावांच्या तोंडचा घास काढून न्यायचे. खंजीर गेले, टोप्यांवरचे बिल्ले गेले, हे पदकही तसंच गेलं होतं. आता जगदाळ्यांच्या मुलाने सगळा संग्रहच लिलावात काढला, तेव्हा कुठे ते वसंतरावांनी जिंकलं. हौसेने फोटो संग्राहकांच्या ग्रुपवर टाकला, तर सगळ्यांचं एकच: "वा! जगदाळ्यांचं पदक तुमच्याकडे आलं म्हणायचं!" मेलेल्या माणसाचा हेवा करू नये म्हणतात. वसंतराव मनसोक्त करतात.

डोळा लागतो न लागतो तोच पायाखालची फरशी मऊ होते. वाळू आहे. वाळूत कुरिअरवाल्याचं काउंटर आहे आणि त्यामागे जगदाळे बसलेत. पांढराशुभ्र सदरा, तोंडात लवंग.

"घेतलंसा शेवटी, अष्टपुत्रे?"

"घेतलं. तुम्ही नव्हता ना बोली लावायला."

"मग त्वांड असं एरंडेल प्यायल्यागत का?"

"अजून सगळे तुमचंच म्हणतात. आता तरी सांगा लोकांना, हे माझं आहे म्हणून!"

जगदाळे पोट धरून हसतात. "चला," म्हणतात. काउंटरची फळी उचलून दोघं बाहेर पडतात ते थेट शेणाने सारवलेल्या एका अंगणात. दारात एक म्हातारी ओवाळणीचं ताट घेऊन उभी आहे.

"खोतवाडीची अक्काताई. ज्ञानू खोताची लेक," जगदाळे हळूच सांगतात. "भावानं हिला न इचारता पदक इकलं हुतं. मी घेतलं, मग हिला हुडकून काढली. दर खंडेनवमीला पुजंला आणून दावायचो."

"म्हणजे कुंकू?" वसंतराव ओरडतात. "पदकाला? लावू कसं दिलंत?"

"माझं ऐकती व्हय ती!"

म्हातारी पुढे येते. जगदाळ्यांकडे बघतसुद्धा नाही. वसंतरावांची मूठ उघडून पदकालाच म्हणते, "आलास, आबा?" ओवाळते, बोटाने कडेच्या अक्षरांत कुंकू चोळते, पुरणाचा घास त्याच्यापुढे धरते.

"बगा," जगदाळे कानाशी लागतात. "इतकी वर्सं येतोय, एकदा 'बसा' म्हनाली न्हाई. पैसा माझा, गाडी माझी, आन् कवतिक त्येचं. लई जळायचो मी."

जगदाळेही जळत होते! वसंतरावांना इतकं बरं कित्येक दिवसांत वाटलेलं नाही. पण तेवढ्यात अंगण रिकामं होतं. म्हातारी एकटीच उंबऱ्यावर बसलीय आणि रस्त्याकडे बघतेय.

"औंदा मी न्हाई," जगदाळे म्हणतात.

"मी नेलं तर म्हणेल, जगदाळ्यांचा माणूस आला."

"माझं नाव तरी कुठं ठावं हाय तिला?"

"अहो, चहा!" नलिनीताई हाक मारतात.

वसंतराव जागे होतात. मूठ दुखतेय. बोटं एकेक करून उघडावी लागतात. तळवा घामाने ओला आहे आणि पदकाची कड त्यात रुतलीय. त्या कडेच्या खाचांत काहीतरी तांबडं होतं खरं. आल्या दिवशी त्यांनी ते भिंगाखाली पाहिलं होतं आणि मळ म्हणून सोडून दिलं होतं. ते आता घामाने सुटून तळव्यावर उतरलंय. लाल, बारीक, उलटी अक्षरं. ते वाचत राहतात. जगदाळे नाही. अष्टपुत्रेही नाही. नाकाशी नेलं तर कुंकवाचा वास येतो.

"नलिनी," ते उठत विचारतात, "खोतवाडीला आत्ता एसटी मिळेल का गं?"

"आज? तिथं कोण आहे आपलं?"

वसंतराव पदक खिशात घालतात. हात मात्र धूत नाहीत.

"जगदाळ्यांना 'बसा' म्हणाली नाही ना," ते चपला शोधत पुटपुटतात. "मला म्हणते की नाही, बघतोच."