कुपा, कुकर आणि उदबत्ती

काल नातीने कुप्याच्या, म्हणजे तिच्या भाषेत ट्यूनाच्या, तुकड्या तापल्या तव्यावर टाकल्या आणि त्या वासासरशी मला धायरीतलं आमचं पहिलं बिऱ्हाड आठवलं. आई कोकणातून एसटीने, डब्यात बर्फ घालून माझ्यासाठी ताजा कुपा घेऊन आली होती. "तिखट-मीठ लाव आणि तव्यावर नुसता परत. फार शिजवलास तर वाया जातो," ती म्हणाली. पण समोरच्या काकू कांदासुद्धा न खाणाऱ्या आणि मी पडले नवी कोरी पुणेकरीण! वास गेला तर अब्रू जाईल म्हणून मी खिडक्या लावल्या, उदबत्ती पेटवली आणि कुपा कुकरात कोंबला. वर आईला बजावलं, "कुणी विचारलं तर बटाटे उकडतोय म्हण." काकूंनी बेल वाजवलीच. आई खाली बघून म्हणाली, "बटाटे उकडतोय." "अस्सं? आणि बटाट्यांना उदबत्ती ओवाळताय वाटतं!" म्हणून काकू निघून गेल्या. कुप्याचा पार काथ्या झाला होता. आईने तो मुकाट्याने संपवला आणि पुढे येताना फक्त आमसुलं आणत राहिली. ते आठवलं की अजून माझी मान खाली जाते. काल नातीने विचारलं, "आजी, खिडकी लावू का गं?" म्हटलं, "दारसुद्धा उघड, बाई."